शब्दाला चाळीस पैसे: एका भाषांतरकार महिलेने दर ठरवला त्याची हकीकत

हे प्रकरण उदगीर तालुक्यातल्या एका मुक्त लेखिकेचं आहे. तिला इथे रेवती म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे तिच्या वहीतले आहेत आणि ते सांगायला तिची परवानगी आहे. मी लातूरला राहते, भाषांतराचंच काम करते. जुलै २०२३ मध्ये ती माझ्याकडे आली आणि पुढचं वर्षभर मी हे सगळं जवळून पाहिलं. काही ठिकाणी माझा सल्ला चुकला, तेही सांगितलं आहे.

पार्श्वभूमी

रेवती एम. ए. मराठी. एका कनिष्ठ महाविद्यालयात चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. टाळेबंदीत तासिका थांबल्या, त्याबरोबर मानधनही थांबलं. जून २०२१ मध्ये ओळखीतून पुण्याच्या एका एजन्सीचं काम मिळालं: शेतीविषयक इंग्रजी सल्ल्यांचं मराठी भाषांतर. दर मराठी शब्दाला ४० पैसे. तिने तो विचारला नव्हता, त्यांनी सांगितला आणि तिने 'चालेल सर' म्हटलं. दोन वर्षांत त्यात एका पैशाचा फरक पडला नाही.

घरी चार एकर कोरडवाहू, सासरे ती कसतात. नवऱ्याचं छोटं कृषी सेवा केंद्र. मुलगा पाच वर्षांचा. नवऱ्याच्या दुकानामुळे रेवतीला शेतीची भाषा घरबसल्या कानावर पडते, आणि तिचं काम चांगलं असण्याचं खरं कारण हेच आहे. 'गर्डल बीटल' समोर आला की ती 'कंबरपट्टा किडा' लिहीत नाही, 'चक्रीभुंगा' लिहिते. मूळ मजकुरात 'हेक्टरी ५०० लिटर पाण्यात १२५० मिली' असं असेल, तर ती पुढे 'म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साडेसदतीस मिली' असा हिशेब जोडते, कारण दुकानात आलेला शेतकरी हेक्टर विचारत नाही, 'पंपाला किती टाकू' एवढंच विचारतो. हा हिशेब करून देण्याचे पैसे तिला कोणी देत नव्हतं. ते वेगळं काम आहे, हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

याशिवाय जानेवारी २०२३ मध्ये तिने एका सेवानिवृत्त गुरुजींच्या आत्मचरित्राचं शब्दांकन घेतलं होतं. वय ऐंशीच्या पुढे. रझाकारांच्या काळातलं बालपण, पुढे वाडीवस्तीवरच्या शाळा, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, असं बरंच त्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं. मोबदला ठरला १५,००० रुपये, तोही ओसरीवर चहा पिता पिता, तोंडी.

अडचण

"ताई, रात्री बारा बारापर्यंत करायलेय, तरी हातात काही उरंना," हे तिचं पहिलं वाक्य. तिला वाटत होतं की आपला वेग कमी आहे. मला तसं वाटलं नाही, पण माझ्याकडे पुरावा नव्हता. म्हणून जुलै महिनाभर प्रत्येक कामाची वेळ लिहून काढायची, एवढंच ठरवलं.

बोलण्यातून आणखी एक गोष्ट निघाली. एजन्सीकडून येणारी रक्कम दर वेळी दहा टक्क्यांनी कमी असायची. ती याला 'त्यांचं कमिशन' समजत होती. तो टीडीएस होता, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर. व्यावसायिक सेवेच्या मोबदल्यावर तेव्हा एका आर्थिक वर्षात ३०,००० रुपयांच्या पुढे १० टक्के कपात होत असे (१ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५०,००० झाली). २०२२-२३ मध्ये तिला १,०२,००० रुपये मिळायचे होते, त्यातले १०,२०० सरकारजमा झाले होते. उत्पन्न करपात्र नसल्यामुळे विवरणपत्र भरलं की ते पैसे परत मिळणार होते. शेवटची तारीख ३१ जुलै. घाईघाईने भरलं आणि परतावा आला. त्याच्या आदल्या वर्षाची मुदत मात्र कधीच टळून गेली होती. उशीर माफ करून घेण्याचा अर्ज असतो, पण त्या खटाटोपाला ती धजली नाही. तेवढे पैसे गेले.

वहीतला हिशेब

नोंदी तिने सासऱ्यांच्या सोयाबीनच्या वहीतच मागच्या पानांवर केल्या. ती वही मी पाहिली. बियाण्याची बॅग, खत, फवारणी, काढणी, मळणी, सगळं पैशापैशाने लिहिलेलं. घरची माणसं किती दिवस राबली त्याचा रकाना नाही. आमच्याकडे कुठल्याच घरी तो नसतो. कृषी खर्च व मूल्य आयोग हमीभावासाठी उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांच्या मजुरीचीही किंमत धरतो. सरकार ती धरतं आणि आपण आपल्या वहीत धरत नाही, हे मी तिला दाखवलं. लेखनाच्या हिशेबातही तिने तेच केलं होतं: इंटरनेटचे पैसे मोजले, स्वतःचे तास मोजले नाहीत.

जुलैचे आकडे असे आले. मराठी शब्द २४,०००, रक्कम ९,६०० रुपये. प्रत्यक्ष भाषांतराला ९६ तास, म्हणजे तासाला अडीचशे शब्द. दुरुस्त्यांना १८ तास. फोन, मेल, फायलींची मांडणी, बिलं यांत १० तास. एकूण १२४ तास. खर्चाची बाजू: इंटरनेट ७००, वीज आणि इन्व्हर्टर ६२५, आणि ४२,००० चा लॅपटॉप चार वर्षं टिकेल असं धरून त्याची महिन्याची झीज ८७५. मिळून २,२०० रुपये. उरले ७,४००. तासाला साठ रुपयेही भरत नाहीत.

त्या आठवड्यात त्यांच्या गावात खुरपणीला बाईची मजुरी दिवसाला ३०० रुपये होती, सहा तासांची. तासाला ५०. खुरपणीच्या कष्टाला मी कमी लेखत नाही, उलट ती मजुरीही कमीच आहे. पण रेवतीने आकडा पाहिला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

मग उलट्या बाजूने मोजलं. वर्षाचे ५२ आठवडे. सणवार, लग्नसराई, आजारपण आणि काम न येणारे आठवडे वगळून ४४. आठवड्याला ३० तास धरले तर १,३२० तास. त्यातले सत्तर टक्केच पैसे मिळवून देणारे, कारण बाकी वेळ दुरुस्त्या, पत्रव्यवहार आणि नवं काम शोधण्यात जातो. म्हणजे ९२४ तास. महिन्याला २०,००० हातात हवेत, म्हणजे वर्षाचे २,४०,०००. त्यात खर्च २६,४०० आणि आजारपण-म्हातारपणासाठी बाजूला टाकायचे २४,०००. बेरीज २,९०,४००. भागिले ९२४. तासाला ३१४ रुपये. तासाला अडीचशे शब्दांच्या वेगाने मराठी शब्दाला साधारण सव्वा रुपया.

शब्द कोणाचे मोजायचे?

या प्रश्नावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या, आणि त्या सार्थकी लागल्या. मराठीत विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, इंग्रजीसारखी 'द' आणि 'ऑफ' सुटी उभी राहत नाहीत. 'इन फ्रंट ऑफ द फार्मर्स हाऊस' हे सहा शब्द, 'शेतकऱ्याच्या घरासमोर' हे दोन. मेहनत सहा शब्दांची आणि पैसे दोनाचे. शिवाय मराठी शब्दांवर पैसे मिळत असतील तर नेटकं, आटोपशीर लिहिणाऱ्याचं नुकसान आणि पाल्हाळ लावणाऱ्याचा फायदा होतो.

रेवतीच्या वीसेक फायली तपासल्या. तिच्या कामात शंभर इंग्रजी शब्दांचे सरासरी ७८ मराठी शब्द होत होते. दुसऱ्याचा आकडा वेगळा येईल, विषयानुसारही बदलेल, तो ज्याने त्याने आपल्या फायलींवरून काढावा. या प्रमाणाने मराठीचा सव्वा रुपया म्हणजे इंग्रजी शब्दाला जवळपास एक रुपया. आणि तिला मिळणारे ४० पैसे म्हणजे इंग्रजी शब्दाला जेमतेम ३१. मूळ मजकुरावर दर ठरवण्याचा आणखी एक फायदा आहे: काम हातात येतानाच दोघांनाही रक्कम कळते, नंतर मोजणीवरून वाद होत नाही.

कोणते पर्याय होते

माझं मत सरळ होतं. एक रुपया मागायचा, नाही मिळाला तर काम सोडायचं. तिने ते मान्य केलं नाही. तिच्या उत्पन्नातला ८० टक्के वाटा या एकाच एजन्सीचा होता आणि मुलाची फी त्यातून जात होती. माझ्याकडे चार ठिकाणची कामं आहेत, म्हणून मला 'सोडून दे' म्हणणं सोपं होतं. तिच्या घरात बसून विचार केला असता तर मी तो सल्ला दिला नसता.

दर तोच ठेवून काम उरकायचं, पंपाचा हिशेब वगैरे जोडायचा नाही, असाही एक मार्ग तिच्या मनात येऊन गेला. तो तिनेच खोडला. "उद्या आमच्याच दुकानात कोणी तो मजकूर घेऊन आला तर?" औषधाच्या मात्रेत झालेल्या चुकीची किंमत पिकाला मोजावी लागते. तिसरा मार्ग तासावर पैसे मागण्याचा. पण एजन्सी तिच्या नोंदीवर विश्वास ठेवणार नाही असं वाटलं.

शेवटी ठरलं ते असं: शब्द इंग्रजीचे मोजायचे, साधा मजकूर आणि औषध-खतांच्या मात्रांचा मजकूर यांचे दर वेगळे ठेवायचे, मागताना ९० पैसे मागायचे आणि ५० पैशांच्या खाली जायचं नाही. हा ५० चा आकडा तिने कागदावर लिहून संगणकाच्या वरच्या भिंतीला चिकटवला. एका अर्थी एवढं करूनच आम्ही निम्मी लढाई लढलो होतो.

काय केलं

पहिला प्रयत्न ऑगस्टमध्ये, व्हॉट्सॲपवर: 'सर, जमल्यास रेट थोडे वाढवता आले तर बघा ना.' उत्तर आलं, 'बघतो.' महिनाभर काही नाही. 'थोडे' म्हणजे किती आणि कधीपासून, हे त्यात नव्हतं, त्यामुळे त्याला नकार द्यायचीही गरज पडली नाही.

त्याच महिन्यात तिने उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली. ती मोफत आहे, आधार क्रमांकावर होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार अशा नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. एजन्सी तोवर सरसकट तीन महिन्यांनी पैसे देत होती.

१८ सप्टेंबरला मेल गेला. मसुदा तिचा, मी फक्त 'कृपया', 'शक्य असल्यास', 'माफ करा' असे सात शब्द काढले. त्यातला मुख्य भाग:

'१ ऑक्टोबर २०२३ पासून येणाऱ्या कामासाठी माझा दर मूळ इंग्रजी मजकुराच्या शब्दाला ९० पैसे असेल. त्यात मात्रांचं एकरी आणि पंपाच्या मापात रूपांतर समाविष्ट आहे. काम दिल्यापासून सात दिवसांत आलेल्या दोन वेळच्या दुरुस्त्या या दरात होतील. बिलाची रक्कम ३० दिवसांत मिळावी. आधी स्वीकारलेलं काम जुन्याच दराने पूर्ण करून देईन.'

घरातल्या अडचणी, महागाई, मुलाची फी यांबद्दल एक अक्षर नव्हतं. ते मुद्दाम.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, चाळीस पैशांत करणारे दहा जण आहेत आमच्याकडे." ती गप्प राहिली. मग ते म्हणाले, "ठीक आहे, साठ करू." ती 'हो' म्हणणारच होती. साठ म्हणजे चाळीसच्या दीडपट! भिंतीवरचा कागद पाहून तिने विचारलं, साठ इंग्रजी शब्दाला की मराठी? मराठी. म्हणजे इंग्रजीला ४७ पैसे, तिच्या किमान आकड्याच्या खाली. "उद्या कळवते," एवढं बोलून तिने फोन ठेवला. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण मला हाच वाटतो. दर फोनवर मान्य करायचा नाही, एक रात्र मध्ये जाऊ द्यायची, हे तिचं तिला सुचलं.

दुसऱ्या दिवशी तिने दोन दरांचा प्रस्ताव ठेवला. घासाघीस होऊन साध्या मजकुराला ५५ आणि मात्रांच्या मजकुराला ८० पैसे ठरले, दोन्ही इंग्रजी शब्दाला. दुरुस्त्यांची अट मान्य झाली, पैशांची मुदत ३० ऐवजी ४५ दिवस झाली. सगळं मेलवर आलं. हिशेबनिसाने जीएसटी क्रमांक मागितला तेव्हा ती घाबरली होती, पण वर्षाला २० लाखांच्या आतल्या सेवांना नोंदणी लागत नाही, हे कळवल्यावर तो विषय मिटला.

गुरुजींचं पुस्तक

इथे बोलणं जास्त अवघड गेलं. पुण्याच्या माणसाला मेल पाठवता येतो. गुरुजींच्या घरी मात्र तिला 'पोरी' म्हणतात आणि जेवल्याशिवाय उठू देत नाहीत.

आठ बैठका ठरल्या होत्या, अकरा झाल्या. ध्वनिमुद्रण २२ तासांचं. एक तास ऐकून उतरवायला साडेचार तास लागत होते, कारण गुरुजी एका आठवणीतून दुसरीत शिरत आणि गावांची, माणसांची नावं पुन्हा पुन्हा पडताळावी लागत. उतरवणं, लिहिणं, दुरुस्त्या मिळून २०४ तास. १५,००० ला भागलं तर तासाला ७३ रुपये.

मधेच रक्कम वाढवून मागायची का? मी 'माग' म्हणाले. ती म्हणाली, शब्द दिलाय, तो मोडायचा नाही. पण ठरलेल्या आठांच्या पुढच्या तीन बैठका आपल्या शब्दात येत नाहीत, हे तिने बरोबर पकडलं. गुरुजींना तिने सांगितलं, "गुरुजी, आपलं ठरलं होतं तेवढ्याचे ठरलेलेच पैसे. वाढलेल्या तीन बैठकांचे प्रत्येकी अडीच हजार द्या. आणि आतल्या पानावर 'शब्दांकन' म्हणून माझं नाव असू द्या." मुलगा म्हणाला, "घरचंच काम समजून कर की." गुरुजींनी त्याला थांबवलं. "मी पस्तीस वर्षं पगार घेऊनच शिकवलंय," म्हणाले. साडेसात हजार मान्य झाले. मुलगा त्यानंतर महिनाभर नीट बोलला नाही.

निष्पत्ती

ऑक्टोबर २०२३ वाईट गेला. एजन्सीने साधं काम दुसरीकडे वळवलं आणि महिन्याला फक्त ३,७०० रुपये मिळाले. जुन्या दराने करते असं कळवायला ती निघाली होती. त्याच आठवड्यात गुरुजींचा पाच हजारांचा हप्ता आला आणि ती थांबली. हा योगायोग होता. तो हप्ता आला नसता तर आज हे प्रकरण वेगळं लिहावं लागलं असतं.

नोव्हेंबरात मात्रांचं काम परत आलं, कारण दुसऱ्यांनी केलेल्या मजकुरावर तक्रारी आल्या होत्या. त्या महिन्यात साधे १०,००० आणि मात्रांचे ६,५०० इंग्रजी शब्द, रक्कम १०,७००. लागलेले तास ६८. खर्च वजा जाता तासाला १२५ रुपये. जुलैपेक्षा थोडे जास्त पैसे, आणि जवळपास निम्मा वेळ.

थकबाकीची गोष्ट वेगळी. ४५ दिवस ठरूनही १८,४०० रुपये तुंबले होते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये नवी तरतूद आली: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. फेब्रुवारीत एजन्सीच्या हिशेबनिसाने स्वतःहून फोन करून उद्यम क्रमांक मागितला. २८ मार्चला सगळे पैसे जमा झाले.

२०२४ च्या उन्हाळ्यात एजन्सीने यंत्राने केलेलं भाषांतर 'फक्त तपासून' द्यायला सांगितलं, शब्दाला १५ पैशांनी. तिने एक फाईल वेळ लावून तपासली. खताच्या 'टॉप ड्रेसिंग'ची (उभ्या पिकाला खत देण्याची) यंत्राने 'वरची सजावट' केली होती, आणि असं पानोपानी. तिने तासाला २०० रुपये मागितले. एक महिना दिले, मग ते काम बंद झालं. तिला त्याची खंत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये एजन्सीच्या मात्रांच्या कामाचे ९,६०० आणि एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या पुस्तिकेचे, शब्दाला एक रुपयाने, ६,००० मिळाले. तास ८०. खर्च जाऊन तासाला १६७. ठरवलेल्या ३१४ पर्यंतचं जवळपास निम्मं अंतर अजून बाकी आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी 'चालेल सर' म्हणण्याआधी एक चाचणी फाईल वेळ लावून करायला हवी होती. ऑगस्टमधला तो व्हॉट्सॲप संदेश टाळून थेट मेल केला असता तर सहा आठवडे वाचले असते. दर बदलण्याआधी दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणं गरजेचं होतं. ते मी सुचवायला हवं होतं, मी आकडेमोडीतच गुंतले.

हक्कांचा मुद्दा आम्ही दोघींनीही सोडून दिला. भाषांतराचा कॉपीराइट मुळात भाषांतरकाराचा असतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. रेवतीचा मजकूर ॲपसाठी होता, पुढे तोच एका छापील पुस्तिकेत दिसला. मेलमध्ये 'हा मजकूर फक्त ॲपसाठी' ही एक ओळ असती तर तिला पैसे मागता आले असते.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दोन वर्षं ती ४० पैशांत काम करत होती तेव्हा मी लातूरला, सत्तर किलोमीटरवर, त्याच प्रकारच्या कामाचा रुपयाच्या वर दर घेत होते. आम्ही एका कार्यक्रमात भेटलो होतो, कवितांवर बोललो होतो. दर तिने विचारला नाही आणि मी सांगितला नाही. आमच्या पिढीतले भाषांतरकार दर सांगणं असभ्य समजतात.

ऑक्टोबरात वळवलेलं साधं काम नांदेडच्या एका मुलीकडे गेलं होतं, हे पुढे रेवतीला कळलं. दर ३५ पैसे, मराठी शब्दाला. रेवतीने तिला फोन केला आणि वहीतली पानं पाठवली. मुलीचं म्हणणं होतं, तिचे वडील आजारी आहेत आणि सध्या तिला मिळेल ते हवं आहे. रेवतीने तिच्यावर दबाव आणला नाही. ती अजून ३५ पैशांतच करते. मात्र ऑगस्टपासून तीही तास लिहायला लागली आहे, आणि दर महिन्याच्या शेवटी दोघी एकमेकींना आकडे पाठवतात.